ठोसा कुणाचा, गल्ला कुणाचा?

४ जुलै १९१०. अमेरिकेतलं रेनो नावाचं गाव. भर उन्हात जॅक जॉन्सन नावाच्या काळ्या माणसानं जिम जेफ्रीज या गोऱ्याला पंधराव्या फेरीत लोळवलं. जेफ्रीज पाच वर्षं घरी बसलेला. गोऱ्यांनी त्याला एकाच कामासाठी बाहेर काढला होता : काळ्याकडून हेवीवेटचा किताब हिसकून आणायचा. किताब आला नाही. मग त्याच रात्री गावोगाव गोरे जमाव रस्त्यावर उतरले, आणि ज्यांनी जन्मात कधी हातात ग्लोव्ह घातला नव्हता अशी काळी माणसं मारली गेली.

दोस्तांनो, हे आपल्याला परकं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. ठराव झाला मुंबईत, आणि घरं जळाली आमच्या मराठवाड्यातल्या वस्त्यांची. खालचा जिंकला की त्याच्या भावाला मारायचं. दोन्हीकडं कायदा एकच.

जॉन्सनला मुळात लढू देत नव्हते. काळ्याशी किताबासाठी लढणार नाही, असं गोरे चँपियन उघड सांगत. विटाळच की हा! शेवटी २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत टॉमी बर्न्स तयार झाला, तो कशामुळं? त्याला तीस हजार डॉलर ठरले. जॉन्सनला पाच हजार. हरणाऱ्याला जिंकणाऱ्याच्या सहापट. मजुरीचा हिशेब ज्याला कळतो त्याला हे गणित समजवायची गरज नाही.

आपल्याकडं पाळवणकर बाळू. चांभाराचा पोरगा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याचा चेंडू चालला, पण कप्तानी त्याला मिळाली नाही. १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल कप्तान झाला. म्हंजे घाम तुमचा घेतात, हुकूम मात्र स्वतःजवळ ठेवतात.

जॉन्सनला रिंगमध्ये हरवता येईना तेव्हा कोर्टात हरवलं. गोऱ्या बाईबरोबर प्रवास केला म्हणून १९१३ साली गोऱ्या ज्यूरीनं दोषी धरलं. तो देश सोडून पळाला. त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब कोलंबियात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. एक काळा माणूस मुठीच्या जोरावर वर चढून देशोधडीला लागत होता, आणि एक अस्पृश्य पुस्तकाच्या जोरावर त्याच देशात शिरत होता. जॉन्सनला माफी मिळाली २०१८ साली. तो मरून ७२ वर्षं झाली होती.

आता वाटूर फाट्यावरची आमची पोरं मोबाईलवर या जुन्या लढती बघतात आणि मला विचारतात, आपुन बी पैशाच्या बॉक्सिंगमधी गेलो तर? ही ओढ मला समजते. मी जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये लाल सळईपुढं पाळी काढतो. अख्ख्या जगात रिंग ही एकच जागा, जिथं खालच्यानं वरच्याला ठोकलं तर पोलीस पकडत नाहीत, उलट पंच त्याचाच हात वर करतो. ही नशा लई मोठी हाय.

पण गड्यांनो, कुस्ती आणि हे वेगळं. कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं. इथं मेंदू हलवला की संपतं. हेवीवेटला वरच्या वजनाची हद्द नाही. हनुवटीवर ठोसा बसला की कवटी गर्रकन फिरते, आत मेंदू मागं राहतो, त्याचे धागे ताणतात, तुटतात. ग्लोव्ह वाचवतो तो मारणाऱ्याचा हात, त्यामुळं डोक्यावर जास्त मारता येतं. मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९२८ सालीच हा आजार लिहून ठेवला : न पिता झिंगलेला मुष्टियोद्धा. १९८२ साली कोरियाचा किम डुक-कू किताबाच्या लढतीत पडला आणि चार दिवसांनी मेला. त्यानंतर कुठं पंधरा फेऱ्यांच्या बारा होऊ लागल्या.

आणि पैसा? जो लुईनं १९४२ साली दोन लढतींची कमाई नौदलाच्या आणि लष्कराच्या निधीला दिली. पुढं सरकारनंच त्याच्यामागं इन्कम टॅक्सचं देणं लावलं. म्हातारपणी तो लास वेगासच्या जुगारघरात आल्यागेल्याशी हात मिळवायला उभा. सनी लिस्टन खंडकऱ्याचं पोर, तुरुंगात बॉक्सिंग शिकला, आणि त्याच्या मुठीची मालकी गुंडांच्या टोळीकडं होती.

राहिला मोहम्मद अली. १९७४ ला किन्शासात त्यानं दोराला टेकून फोरमनचे ठोसे अंगावर घेतले आणि जिंकला. १९७५ ला मनिलात फ्रेझरशी चौदा फेऱ्या मरणाच्या. १९७७ ला त्याच्या डॉक्टरनं, पाचेकोनं, आता थांब म्हणून साथ सोडली. अली थांबला नाही, कारण त्याच्यावर जगणारे त्याला थांबू देत नव्हते, आणि टाळ्याही. १९८० ला होम्सनं दहा फेऱ्या बडवला. १९८४ ला पार्किन्सनचं निदान झालं. आजार ठोशांनीच आला का यावर डॉक्टर भांडतात. पण जगातली सगळ्यात चपळ जीभ अडखळली, हे सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं. पोरांनी तालमीत जावं, मूठ वळायला शिकावं, भ्यायचं नाही हे अंगात मुरवावं. पण डोकं विकायला काढू नये. करार वाचता येत नसेल तर सही करू नये. आणि थांब म्हणणारा एक तरी माणूस असा ठेवावा, की ज्याचं पोट आपल्या ठोशावर नाही.

अलीचा सगळ्यात जबर ठोसा रिंगमध्ये बसलाच नाही. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये लष्करात भरतीसाठी त्याचं नाव पुकारलं आणि तो जागचा हलला नाही. किताब काढून घेतला, पाच वर्षांची सजा सुनावली, साडेतीन वर्षं लढू दिलं नाही. १९७१ ला सुप्रीम कोर्टानं सजा रद्द केली. त्या दिवशी ह्यूस्टनमध्ये त्याच्या हातात ग्लोव्ह नव्हता. त्या नकारात ना कुणा प्रमोटरचा वाटा होता, ना गल्ला. तो नकार शिकायला कुणाचं वजन लागत नाही.

जय भीम.