तळटीप : बीटलमेनिया

लिव्हरपूलच्या बीटल्स या बँडपायी तरुणांना, विशेषतः मुलींना, लागलेले वेड. ब्रिटिश वृत्तपत्रांनी १९६३मध्ये हे नाव रूढ केले. बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनला जेली बेबी या मऊ गोळ्या आवडतात एवढे छापून आले आणि रंगमंचावर गोळ्यांचा मारा सुरू झाला. अमेरिकेत तर त्यांची जागा टणक जेली बीन्सनी घेतली. कौतुक अंगावर येते ते असे!

१५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून अधिक श्रोते जमले. (श्रोते म्हणायचे ते रिवाजापुरते.) किंकाळ्यांत गाणी बुडत, साथीदारांच्या माना-कमरांची हालचाल पाहून आपण ठेका धरत असू, असे ड्रमर रिंगो स्टार पुढे सांगे.

सप्टेंबर १९६६मध्ये हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला, तेव्हा ताजमहाल हॉटेलबाहेरही गर्दी लोटली. अखेर गुरुशिष्यांनी काश्मीर गाठले.