पायाखालचं लाकूड : साग, ओक आणि आंबा

आजचा भाग जरा घरगुती आहे, कारण गोष्ट आमच्याच घरातून सुरू होते.

गेल्या महिन्यात सातारा जिल्ह्यातला आमचा जुना वाडा उतरवला. माडीच्या कडीपाटाच्या फळ्या अंगणात रचून ठेवल्या होत्या आणि जुन्या लाकडाचा व्यापारी सगळा ढीग एकाच भावात मागत होता. चुलतभाऊ म्हणाला, "देऊन टाकू. नव्या घरात ओकचं फ्लोअरिंग करू. हे बघ मोबाईलवर, किती भारी दिसतंय!"

मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. तेवढ्यात गावातल्या सुतारनानांनी एका फळीवर रंधा फिरवला. "वास घे," म्हणाले. वरून राखाडी, मळकट दिसणाऱ्या फळीतून सोनेरी तपकिरी लाकूड निघालं. हाताला तेलकट लागलं. अस्सल साग! मग त्यांनी दुसरी फळी उचलली. ती आंब्याची होती आणि कडेला कीड लागून तिचं पीठ झालं होतं.

मंडळी, कुठलं लाकूड कुठे वापरायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' 18व्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल सूचना आहेत. जहाजाला मोठ्या फळ्या लागतात, डोलकाठ्या लागतात. त्यासाठी रानातला साग परवानगी घेऊन तोडावा. आंबा आणि फणसही उपयोगाचे आहेत, पण त्यांना हात लावू नये. का? तर ती झाडं रयतेनं पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जुनं झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावं. जबरदस्ती करू नये. म्हणजे तुलना फक्त लाकडाची नव्हती. झाड कुणाचं, हेही बघितलं जायचं.

आता ओककडे येऊ. इंग्लंडच्या लाकडी आरमाराचा कणा म्हणजे ओक. मजबूत, जड लाकूड. पण त्यात टॅनिन असतं, त्यामुळे ओलाव्यात लोखंडी खिळे लवकर गंजतात. सागात नैसर्गिक तेल असतं. खिळे टिकतात आणि वाळवीही सहसा वाट्याला जात नाही. नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात इंग्रजांना ओक कमी पडू लागला आणि त्यांनी मुंबईच्या गोदीकडे मोर्चा वळवला. तिथे वाडिया घराण्याचे पारशी कारागीर मलबारच्या सागाची जहाजं बांधत होते. 1817 साली मुंबईत पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशेहून जास्त वर्षं झाली!

पण ह्या कौतुकाची किंमत कुणी मोजली? 1806 साली कंपनीनं मलबारच्या जंगलांवर कॅप्टन वॉटसन नावाचा अधिकारी नेमला. सागावर कंपनीची मक्तेदारी आली. शेतकरी आणि लाकूडव्यापारी इतके चिडले, की 1823 मध्ये ते पदच रद्द करावं लागलं. आज्ञापत्रात सरकारनं रयतेच्या झाडाला हात लावायचा नव्हता. इथे रयतेनंच झाडाला हात लावायचा नाही, असं झालं. नियम बरोब्बर उलटा.

बरं, मग साग सगळ्यात कडक म्हणून भारी का? तर नाही! लाकडाचा कडकपणा मोजायची जान्का नावाची चाचणी आहे. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात बघतात. सागाचा आकडा साधारण 1,000 पाउंडांच्या आसपास, पांढऱ्या ओकचा सुमारे 1,360, तर हार्ड मेपलचा सुमारे 1,450. म्हणूनच बास्केटबॉलच्या कोर्टाला बहुतेक ठिकाणी मेपल असतं. तिथे बंद, कोरड्या हॉलमध्ये बूट आपटतात, चेंडू आपटतो.

आपल्याकडे मात्र जमिनीचा खरा शत्रू पावसाळा. लाकूड ओलाव्यानं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. साग ह्या दोन्हीत फार कमी हलतो. ओकवर ओरखडा कमी उठेल, पण आमच्या गावच्या पावसात साग जास्त सरळ राहील. लाकूड निवडताना आधी विचारायचं, की त्याला काम काय करायचंय.

आणि भावाच्या मोबाईलवरचा तो ओक? माहिती वाचली तर ते लॅमिनेट निघालं. म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली पाटी आणि तिच्यावर ओकच्या रेषांचा छापील फोटो. स्वस्त आहे, चांगलं दिसतं, त्यात गैर काही नाही. पण सागाच्या फळ्या विकून आम्ही ओकचा फोटो घेणार होतो!

शेवटी ढीग विकला नाही. चांगल्या फळ्या निवडल्या, तर जेमतेम एका खोलीपुरता साग निघाला. आजी ज्या माडीवर झोपायची, तिच्या फळ्या आता नव्या घरातल्या तिच्या नातवाच्या खोलीत बसतील. बाकी घराला साधी फरशी.

तुमच्याकडेही वाडा उतरवणार असतील, तर भाव ठरवायच्या आधी एक काम करा. एखाद्या सुताराला बोलवा, फळीच्या एका कोपऱ्यावर रंधा मारायला सांगा आणि वास घ्या. काय निघालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!