रस्त्यावरची कविता : मायकोव्हस्की आणि त्याचे चित्रकार

कवितेच्या इतिहासात छापखान्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. कवी लिहितो आणि रसिक वाचतो, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे असते. मधला कागद, शाई, खिळे जुळवणारा कामगार, पुस्तकविक्या या साऱ्यांना आपण गृहीत धरतो. १९१९ साली मॉस्को शहरात यांतले काहीच गृहीत धरण्याजोगे उरले नव्हते. यादवी युद्ध पेटले होते. दक्षिणेकडून देनिकिनचे सैन्य राजधानीच्या रोखाने चालून येत होते. सरपणासाठी लोक लाकडी कुंपणे मोडत होते आणि कागद इतका दुर्मिळ झाला होता की वर्तमानपत्रेसुद्धा पुरेशी निघेनात. दुकाने होती, पण दुकानांत माल नव्हता. त्यांची मोठमोठी काचेची तावदाने रस्त्याकडे तोंड करून रिकामी उभी होती. त्या रिकाम्या तावदानांत एका कवीने व त्याच्या चित्रकार सोबत्यांनी आपले दुकान मांडले. त्या दुकानाची हकीकत, आणि त्याच्या मागची व पुढची थोडी कथा, आज आम्हांला सांगावयाची आहे.

कवीचे नाव व्लादिमिर मायकोव्हस्की. जॉर्जियातल्या बगदादी नावाच्या खेड्यात १८९३ साली तो जन्मला. वडील जंगलखात्यात होते. टाचणी बोटाला लागून रक्त दूषित होण्याचे निमित्त झाले आणि १९०६ साली ते वारले. विधवा आई मुलांना घेऊन मॉस्कोला आली. मुलगा मिसरूड फुटण्यापूर्वीच गुप्त राजकीय कामात शिरला, तीनदा पकडला गेला आणि १९०९ साली बुतिर्का तुरुंगात त्याने काही महिने एकांतकोठडी भोगली. बाहेर आल्यावर त्याने ठरवले ते मात्र कवी होण्याचे नव्हे, चित्रकार होण्याचे. १९११ साली मॉस्कोच्या चित्र-शिल्प-वास्तुकला विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला.

त्याच विद्यालयात त्याला डेव्हिड बुर्लियुक हा वयाने मोठा विद्यार्थी भेटला. हा एका डोळ्याने आंधळा चित्रकार मोठा खटपट्या माणूस. एका रात्री मायकोव्हस्कीने त्याला काही ओळी ऐकवल्या आणि संकोचाने सांगितले की या एका ओळखीच्या माणसाच्या आहेत. बुर्लियुक त्याच्या अंगावरच ओरडला, हे तूच लिहिले आहेस, तू मोठा प्रतिभावंत कवी आहेस! दुसऱ्या दिवशी तो भेटेल त्याला या मुलाची ओळख प्रतिभावंत कवी म्हणूनच करून देऊ लागला. उपाशी न राहता लिहिता यावे म्हणून रोज पन्नास कोपेक तो त्याच्या हातावर ठेवी. मायकोव्हस्कीनेच ही हकीकत आपल्या छोट्या आत्मवृत्तात दिली आहे. एका चित्रकाराने कवी घडवला, असे म्हणणे थोडे अतिशयोक्त होईल. पण त्याला कवी म्हणून पहिली हाक चित्रकाराने मारली, हे खरे.

१९१३ साली त्याची ‘मी!’ नावाची पहिली पुस्तिका निघाली. ती खिळ्यांनी छापलेली नव्हती. हाताने लिहिलेला मजकूर व चेक्रिगिन आणि झेगिन या सहाध्यायांची चित्रे दगडावर उतरवून शिळाछापाने तिच्या सुमारे तीनशे प्रती काढल्या होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पीटर्सबर्गला त्याचे पहिले नाटक रंगभूमीवर आले. नाटकाला नाव दिले होते स्वतःचेच, प्रमुख भूमिकाही स्वतःचीच. त्याचे पडदे फिलोनोव आणि श्कोल्निक या चित्रकारांनी रंगवले. मग बुर्लियुक, कामेन्स्की आणि मायकोव्हस्की हे तिघे गावोगाव निघाले. मायकोव्हस्कीच्या अंगात पिवळा सदरा, बुर्लियुकच्या गालावर रंगवलेले चित्र. लोक तिकिटे काढून येत ते बहुतांशी हुर्यो करण्यासाठी. यात निव्वळ तमाशा किती आणि कला किती, याचा हिशेब करणाऱ्याने तमाशाच्या बाजूला बरेच माप टाकावे, असे आम्हांला वाटते. परंतु टवाळी करायला आलेल्या सभागृहाला आवाजाने कह्यात आणण्याची विद्या तो येथेच शिकला. विद्यालयाच्या चालकांना हे प्रकार मानवले नाहीत. जाहीर कार्यक्रम थांबवा, अशी ताकीद दोघांनी धुडकावली आणि १९१४ च्या फेब्रुवारीत दोघांचीही नावे पटावरून निघाली.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. रशियात ‘लुबोक’ नावाची जुनी लोकचित्रे असत : भडक रंग, खाली दोन ओळींचा यमकबद्ध मजकूर, बाजारात किंवा जत्रेत स्वस्तात मिळणारी. आपल्याकडच्या चित्रकथ्याची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या जातीची कल्पना येईल. फरक एवढाच की चित्रकथी चित्र दाखवून गातो, लुबोकला गाणारा लागत नाही. या जुन्या वळणावर जर्मन व ऑस्ट्रियन सैन्याची टर उडवणारी चित्रे एका प्रकाशनाने काढली. त्यांत मालेविच होता, लेन्तुलोव होता, बुर्लियुक होता; कवने बहुधा मायकोव्हस्कीची, आणि काही चित्रेही त्याचीच. मायकोव्हस्कीचे चाहते हा भाग घाईने उरकतात. आम्ही तसे करणार नाही. क्रांतीची म्हणून पुढे जी हत्यारे गाजली, ती आधी झारच्या युद्धासाठी परजली गेली होती.

आता त्या रिकाम्या खिडक्यांकडे वळू. ‘रोस्ता’ ही रशियाची सरकारी तारवृत्तसंस्था. मिखाईल चेरेम्निख या व्यंगचित्रकाराने १९१९ च्या शरद ऋतूत तिची पहिली ‘खिडकी’ रंगवली. ऑक्टोबरात मायकोव्हस्की त्याला येऊन मिळाला, आणि पुढे मालुतिन नावाचा तिसरा चित्रकार आला. रीत अशी होती. तार येई. तिच्यातून मायकोव्हस्की विषय काढी, त्याचे चार, सहा, कधी बारा तुकडे पाडी, आणि प्रत्येक तुकड्याला एक-दोन ओळींचे कवन जोडी. चित्रकार तुकड्यागणिक चित्र काढी. मग पुठ्ठ्यात आकृत्या कापून स्टेन्सिल तयार होई आणि त्यावरून हाताने रंग भरून प्रती काढल्या जात. मूळ चित्र मॉस्कोच्या खिडकीत लागे. प्रती इतर गावांना रवाना होत. छापखान्याचा संबंधच नाही! तार हाती पडल्यापासून तासाभराच्या आत चित्र रस्त्यावर लागलेले असे, अशी बढाई मायकोव्हस्की पुढे मारत असे, आणि घाईच्या दिवसांत ती खरीही असावी.

काम करण्याची खोली गोठलेली असे आणि चूल पेटवली तर धुराने डोळे चुरचुरत. मायकोव्हस्की सांगतो की रात्री थोडे पडायचे झाले तर तो उशीऐवजी लाकडाचा ओंडका डोक्याखाली घेई, म्हणजे झोप गाढ लागू नये. लिल्या ब्रिक ही त्याची प्रेयसी स्टेन्सिलवरून रंग भरण्याच्या कामाला बसे. चित्रकलेचे शिक्षण येथे उपयोगी पडले. मायकोव्हस्कीने शेकडो खिडक्या स्वतः रंगवल्या, आणि मजकूर तर बहुतेक सगळा त्याचाच.

या पद्धतीने कवितेचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. स्टेन्सिलला बारीक रेषा चालत नाही. रंगही तीन-चारच परवडतात. म्हणून कामगार लाल, भांडवलदार गोल पोटाचा व उंच टोपीचा, सेनापती मिशाळ, अशी माणसे ठरून गेली. जे चित्राचे तेच शब्दाचे. वाचणारा थंडीत उभा आहे, त्याला अक्षरे जेमतेम लागतात, आणि त्याला पावाच्या रांगेत जायचे आहे. एक विशेषण जास्त झाले की तो पुढे निघालाच. पुढे मायकोव्हस्कीने म्हटले आहे की या कामाने भाषेवरची काव्यमय साल सोलून निघाली. आमच्या मते हे त्याचे सर्वांत प्रामाणिक टीकावचन आहे. खिडक्यांतली कवने आज सुटी वाचली तर पुष्कळशी बेतास बात वाटतात. न उकळलेले पाणी पिऊ नका, उवा मारा, कोळसा काढा, आघाडीवर कपडे पाठवा, हेच त्यांचे विषय. पण त्यांच्याआधीचा मायकोव्हस्की आणि त्यांच्यानंतरचा मायकोव्हस्की शेजारी ठेवून वाचला तर वाक्ये कशी आखूड आणि टणक झाली ते दिसते.

त्याबरोबर दुसरीही गोष्ट दिसते. खिडकीत एकच बाजू लागत असे. खेड्यापाड्यांतून धान्य सक्तीने काढून घेतले जात होते; चित्रातला शेतकरी मात्र कामगाराच्या हातात हात देऊन उभा असे. काचेपलीकडच्या माणसाला उलट प्रश्न विचारण्याची सोय त्या कलेत नव्हती. १९२२ च्या आरंभी हे काम बंद झाले.

कागद पुन्हा मिळू लागला तेव्हा कवी आणि चित्रकार यांचा संसार वेगळ्या घरात सुरू झाला. १९२३ साली बर्लिनमध्ये ‘आवाजासाठी’ हे पुस्तक निघाले. सभांतून मोठ्याने वाचायच्या तेरा कविता, आणि रचना एल् लिसिट्स्कीची. वक्त्याला हवी ती कविता चटकन सापडावी म्हणून त्याने टेलिफोनच्या वहीसारख्या उजव्या कडेला पायऱ्या कापल्या आणि प्रत्येक पायरीवर कवितेची खूण दिली. आतली चित्रे हाताने काढलेली नाहीत. छापखान्याच्या खिळ्यांतून, पट्ट्यांतून आणि जाड रेघांतून, लाल-काळ्या शाईने ती जुळवलेली आहेत. खिळे जुळवणाऱ्या जर्मन कामगाराला रशियन येत नव्हते; लिसिट्स्कीने प्रत्येक पान आखून दिले आणि त्याने ते आकृतीसारखे बांधले. चार वर्षांपूर्वी ज्याला छापखाना मिळत नव्हता त्याच कवीसाठी आता छापखानाच चित्रकार झाला.

त्याच वर्षी अलेक्सांद्र रोदचेन्कोने मायकोव्हस्कीच्या ‘याविषयी’ या दीर्घ प्रेमकाव्यासाठी छायाचित्रे कापून-चिकटवून चित्रे तयार केली. मुखपृष्ठावर लिल्या ब्रिकचा चेहरा, डोळे विस्फारलेले. खाजगी दुःखाचे काव्य आणि त्यावर खऱ्या माणसांची खरी छायाचित्रे. त्या काळी हे धाडस थोडके नव्हते. शिवाय या दोघांनी सरकारी दुकानांच्या जाहिराती केल्या : बिस्किटे, रबरी बूट, लहान मुलांची चोखणी, सिगारेटी. कवीने चोखण्याची जाहिरात लिहावी का, अशी कुजबुज तेव्हाही झाली. मायकोव्हस्कीने उत्तर दिले की आपली जाहिरातीची ओळ ही उच्च प्रतीची कविताच आहे. हे बोलणे आम्हांला पटत नाही. पण त्याने ते काम लाजत केले नाही, हे आम्हांला आवडते.

सभागृहाची गोष्ट निराळी. १९२६-२७ च्या सुमारास तो गावोगाव व्याख्याने व काव्यवाचन करत हिंडला. श्रोते चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून व्यासपीठाकडे पाठवत आणि तो तेथल्या तेथे उत्तरे देई. अशा सुमारे वीस हजार चिठ्ठ्या त्याने जपून ठेवल्या होत्या आणि त्या साऱ्यांना मिळून एक उत्तर देणारे पुस्तक लिहिण्याचा त्याचा बेत होता. ‘तुमच्या कविता कामगारांना कळत नाहीत,’ हा त्यांतला नेहमीचा आक्षेप. खिडकीला चिठ्ठी पाठवता येत नव्हती. येथे येत होती.

१ फेब्रुवारी १९३० रोजी मॉस्कोच्या लेखकसंघाच्या जागेत ‘वीस वर्षांचे काम’ हे प्रदर्शन उघडले. पुस्तके, वर्तमानपत्रे, रोस्ताच्या खिडक्या, जाहिराती हे सारे मायकोव्हस्कीने काही तरुणांच्या मदतीने स्वतः भिंतींवर लावले. त्याने बोलावलेले नामांकित लेखक आले नाहीत. तरुण मुलांनी मात्र खोल्या भरून गेल्या. एका मासिकाने त्याचे छायाचित्र अभिनंदनपर मजकुरासह छापले होते. वरून हुकूम आला आणि ते पान छापून झालेल्या अंकांतून फाडून काढण्यात आले. मार्चमध्ये मेयरहोल्डने बसवलेले ‘स्नानगृह’ हे नोकरशाहीवरचे नाटक पडले. ९ एप्रिलला एका अर्थशास्त्र-संस्थेतील विद्यार्थ्यांपुढे तो वाचायला उभा राहिला तेव्हा पुन्हा तोच आक्षेप आला, कळत नाही, आणि या वेळी सूर कडवट होता. १४ एप्रिल १९३० रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. कारणे एकाहून अधिक होती आणि त्यांत प्रेमाचे दुःखही होते. सगळा दोष सभेवर किंवा सरकारवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. अंत्यदर्शनाला लाखाच्या वर माणसे लोटली.

पाच वर्षांनी लिल्या ब्रिकने स्टालिनला पत्र लिहिले की कवीचा विसर पडत चालला आहे. स्टालिनने त्याच पत्रावर शेरा मारला की मायकोव्हस्की हा सोव्हिएत युगाचा सर्वश्रेष्ठ कवी होता व आहे, आणि त्याच्याविषयी उदासीन राहणे गुन्हा आहे. झाले! चौकाला त्याचे नाव मिळाले, शाळांतून पाठांतर सुरू झाले. पास्तरनाकने पुढे म्हटले की राणी कॅथरीनच्या काळी बटाटे जसे लादले तसा मायकोव्हस्की लादला गेला, आणि हा त्याचा दुसरा मृत्यू होता. ज्याने बोलपटासारखी हलती चित्रे खिडकीत लावली, त्याचे स्वतःचे एकच चित्र भिंतीवर टांगले गेले. त्याच्याबरोबर काम केलेल्या मेयरहोल्डला १९४० साली गोळी घातली. उपासमारीच्या लेनिनग्राडमध्ये १९४१ साली फिलोनोव मेला.

१९५८ च्या जुलैत मॉस्कोच्या त्या चौकात मायकोव्हस्कीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. समारंभात सरकारमान्य कवींनी आपल्या कविता वाचल्या. ते संपल्यावर गर्दीतून कोणीतरी पुढे झाले आणि वाचू लागले. मग दुसरे, मग तिसरे. पुढे कित्येक संध्याकाळी तरुण तेथे जमत राहिले आणि बंदी असलेल्यांच्या व स्वतःच्या कविता मोठ्याने वाचत राहिले. १९६१ साली ही वाचने मोडून काढण्यात आली आणि काहींना तुरुंगात पाठवण्यात आले. १९९२ साली चौकाला त्याचे जुने नाव परत मिळाले, पुतळा जागेवर राहिला, आणि २००९ पासून वाचने पुन्हा सुरू झाली. २०२२ च्या सप्टेंबरात, युक्रेनच्या युद्धासाठी सैन्यभरतीचा हुकूम निघाल्यावर, त्या पुतळ्यापाशी भरतीविरुद्ध कविता वाचणाऱ्या तरुणांना पकडले. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांतल्या एकाला सात वर्षांची आणि दुसऱ्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.