केगलचा व्यायाम: आपण अर्धाच लक्षात ठेवला

"डॉक्टर, खोकला आला की थोडी लघवी होते. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर असं होतंच." हे वाक्य दवाखान्यात नेहमी ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा बाई उठून जाता जाता, अगदी शेवटी सांगते. हा त्रास अनेकींना होतो हे खरं. पण तो निमूटपणे सोसायचा असतो, हे खरं नाही. यावरच्या व्यायामाला पाऊणशे वर्षं होऊन गेली आहेत. त्याची गोष्ट माहीत असली, तर तो नीट कसा करायचा हेही कळतं.

आधी स्नायू कुठे असतो ते पाहू. पुढे ओटीपोटाखालच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. गरोदरपणात तिच्यावरचं ओझं वाढतं आणि प्रसूतीच्या वेळी ती खूप ताणली जाते. ती सैल पडली, की शिंकताना, हसताना किंवा बाळाला उचलताना लघवी निसटते.

हा स्नायू आवळण्याची क्रिया जुनीच आहे. हठयोगात मूलबंध आहे, पण त्याचा हेतू वेगळा, साधनेचा होता. इंग्लंडमध्ये मार्गारेट मॉरिस या नृत्यशिक्षिकेने १९३६ साली गरोदर व बाळंत स्त्रियांच्या व्यायामांवर पुस्तक लिहिलं. त्यात या स्नायूंचाही विचार होता.

व्यायामाला ज्यांचं नाव मिळालं, ते डॉ. अर्नोल्ड केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४८ साली या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर अनेकींना हा स्नायू आवळायचा कसा हेच कळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून ते आधी बोटाने तपासून स्नायू नेमका कुठे आहे हे बाईला दाखवून देत. मग पेरिनिओमीटर हे त्यांनी तयार केलेलं उपकरण येई. योनीमार्गात ठेवायचा रबरी भाग नळीने दाबमापकाला जोडलेला असे. स्नायू आवळला की काटा वर सरके. बाई घरी रोज तीन वेळा, वीस-वीस मिनिटं सराव करी आणि काटा कुठवर गेला ते स्वतः पाही.

म्हणजे केगल यांच्या पद्धतीचे तीन भाग होते: स्नायू ओळखणं, सराव करणं आणि प्रगती मोजणं. पुढे उपकरण मागे पडलं, तपासणी गळली आणि उरला फक्त तोंडी सल्ला: "केगल करा."

याचा परिणाम १९९१ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसला. ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन स्नायू आवळायला सांगितलं आणि त्याच वेळी दाब मोजला. २३ जणींना ते उत्तम जमलं. १२ जणींची पद्धत मात्र अशी होती, की त्याने लघवी निसटण्याचा त्रास वाढू शकला असता. त्यांचा दोष नव्हता. न दिसणारा स्नायू नुसत्या ऐकण्याने सापडत नाही.

नीट शिकवलं तर काय होतं, हे नॉर्वेत दिसलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिलटकरीण असलेल्या ३०१ स्त्रिया होत्या. एका गटाला विसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यांच्या दरम्यान १२ आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम दिला; दुसऱ्या गटाला फक्त नेहमीची माहिती. प्रसूतीनंतर तीन महिन्यांनी लघवी निसटण्याची तक्रार पहिल्या गटात २० टक्के, तर दुसऱ्यात ३२ टक्के स्त्रियांना होती. त्रास सगळ्यांचा टळला नाही, पण फरक लक्षणीय होता.

आता तुमच्यासाठी. वायू आणि लघवी रोखल्यासारखा स्नायू आत आणि वर ओढा, मग पूर्ण सैल सोडा. श्वास रोखू नका. पोट, मांड्या, नितंब आवळू नका. खाली जोर तर मुळीच देऊ नका. प्रत्यक्ष लघवी करताना धार थांबवण्याचा सराव करू नका. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीन वेळा आणि किमान तीन महिने सराव हवा. प्रसूती अवघड झाली असेल किंवा टाके असतील, तर कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारा. अंग बाहेर आल्यासारखं किंवा खाली जड वाटत असेल, तर तपासून घ्या.

आणि पुढच्या भेटीत एवढं जरूर विचारा: "मी बरोबर आवळते आहे ना, एकदा तपासून सांगाल?" यात लाजण्यासारखं काही नाही. केगल यांची सुरुवात तिथूनच होत होती.