गाळीव कॉफी : हात आणि यंत्र

यंत्र आलें कीं हस्तकौशल्य लोप पावतें, असें म्हणण्याचा आपणांकडे प्रघात आहे. तें कितपत खरें आहे हें एका लहानशा घरगुती पदार्थाच्या इतिहासावरून पाहावें, असें आम्हांस वाटतें. तो पदार्थ म्हणजे गाळीव कॉफी.

दक्षिणेंतील दुमजली पितळी फिल्टर वाचकांच्या परिचयाचा आहेच. युरोपांतील कागदी गाळणीची कथा मात्र निराळी आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं मेलिटा बेंट्झ नांवाची एक गृहिणी राहत असे. कॉफींत उरणारा गाळ व तिचा कडवटपणा हे दोन दोष तिला सहन होईनात. तिनें पितळेच्या भांड्याच्या तळास भोंकें पाडलीं, मुलाच्या वहींतील टीपकागद आंत पसरला, आणि त्यांतून कॉफी गाळली. १९०८ सालीं बर्लिन येथें या युक्तीची सरकारदरबारीं नोंद झाली. ‘हातची’ म्हणून आज जिचा गौरव होतो, ती कॉफीहि मुळांत एका शोधाचेंच फळ आहे, हें प्रथम ध्यानांत ठेविलें पाहिजे.

पुढें १९५४ सालीं जर्मनींतच गोटलोब विडमान यानें विजेवर चालणारें ‘विगोमाट’ हें गाळणयंत्र काढलें. आणि १९७२ मध्यें निघालेल्या ‘मिस्टर कॉफी’नें तसलें यंत्र अमेरिकेंत घरोघर पोंचविलें. त्याची रचना साधी आहे. टाकींतील पाणी तापलेल्या नळींत उकळूं लागतें, व वाफेचे बुडबुडे तें वर ढकलून भुकटीवर सोडतात. परंतु कॉफीस पाणी लागतें सुमारें ९० ते ९६ अंश सेल्सियसचें. स्वस्त यंत्रांत पहिली धार याहून थंड पडे, कडेची भुकटी अर्धवट भिजे, आणि भांडें तापत्या तव्यावर फार वेळ राहिलें कीं स्वाद बिघडे. उलट, हातानें ओतणारा मनुष्य प्रथम थोडेंसें पाणी घालून अर्धा मिनिट थांबतो. ताज्या भाजलेल्या कॉफींत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड तेवढ्यांत बराचसा निघून जातो, व पुढचें पाणी सर्वत्र सारखें मुरतें.

चांगल्या यंत्रांच्या कर्त्यांनीं नेमकें हेंच यंत्रास शिकविलें. पाण्याचा ताप त्यांनीं आवरला, धार अनेक छिद्रांतून पसरली, कांहीं यंत्रांत आरंभींचा विसांवाहि घातला, आणि तव्याच्या जागीं ऊब राखणारें भांडें आणलें. म्हणजे यंत्रानें हातास जिंकलें नाहीं. तें त्याचें शिष्य झालें.

मग श्रेष्ठ कोण? दहा पाहुण्यांस एकसारखी कॉफी द्यावयाची असेल, तर यंत्रास तोड नाहीं. कारण तें थकत नाहीं व त्याचें लक्ष विचलित होत नाहीं. परंतु आजची भुकटी कालच्याहून बारीक आहे, पाणी रेंगाळत आहे, तेव्हां धार बदलली पाहिजे, हा विवेक हाताचाच. ज्या घरांत तो कोणासच उरणार नाहीं, त्या घरास यंत्र देईल ती कॉफी चांगली म्हणून प्यावी लागेल.