खोल समुद्राची साक्ष

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खोल समुद्र निर्जीव आहे, असे मानणारे विद्वान युरोपात पुष्कळ होते. एजियन समुद्रातील आपल्या निरीक्षणांवरून एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४३ मध्ये असा तर्क मांडला की, सुमारे ३०० फॅदम, म्हणजे साधारण ५५० मीटर खोलीच्या खाली जीवसृष्टी नसावी. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने केलेल्या सागरसंशोधनाने हा तर्क निकालात काढला. परंतु चॅलेंजरने मिळवलेले ज्ञान हे जाळ्याचे ज्ञान होते. खोलातून वर ओढलेला जीव बहुधा मेलेला, फाटलेला आणि रंग उडालेला असे. त्याचा देह हाती येई. त्याचे जगणे मात्र खालीच राही.

हे जगणे पाहण्यासाठी विल्यम बीबी हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १९३० मध्ये बर्म्युडाजवळच्या समुद्रात उतरले. ओटिस बार्टन यांनी तयार करविलेला बॅथिस्फिअर नावाचा पोलादी गोल हे त्यांचे साधन होते. त्याचा व्यास पाच फुटांहूनही कमी होता आणि खिडक्या क्वार्ट्‌झच्या होत्या. दोन माणसे त्यात अंग चोरून बसत. आत प्राणवायूच्या नळ्या होत्या, कार्बन डायऑक्साइड व दमटपणा शोषून घेणारी रसायने होती आणि हवा खेळती ठेवण्यासाठी ताडपत्राचे पंखे होते. स्वतःची कसलीही गती नसलेला हा गोल पोलादी दोराने जहाजावरून खाली सोडला जाई. दोर तुटला असता तर सुटकेचा कोणताही मार्ग नव्हता. १५ ऑगस्ट १९३४ रोजी बीबी आणि बार्टन ३,०२८ फूट, म्हणजे सुमारे ९२३ मीटर खोल गेले. इतक्या खोलीवर जाऊन जिवंत परतलेली ती पहिली माणसे होत.

या सफरींत बीबींना असे काही मासे दिसले, की जे कोणत्याही जाळ्यात कधी सापडले नव्हते. १९३२ मध्ये सुमारे २,१०० फुटांवर निदान सहा फूट लांबीचे दोन मासे खिडकीसमोरून गेले. त्यांच्या कुशीवर फिकट निळ्या दिव्यांची रांग होती आणि अंगाखाली टोकाशी दिवे असलेले दोन तंतू लोंबत होते. बीबींनी त्यांना ‘बॅथिस्फेरा इन्टॅक्टा’ असे नाव दिले. त्यातील ‘इन्टॅक्टा’चा अर्थ अस्पर्शित. अंगावर प्रकाशाच्या पाच रेषा असलेल्या एका गोलसर माशालाही त्यांनी स्वतंत्र नाव दिले. आणखीही काही नावे या मालिकेत आहेत. त्यांपैकी एकाचाही नमुना मात्र कोणत्याही संग्रहालयात नाही.

या माशांची नोंद कशी झाली, हे साहित्याच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगे आहे. बीबी खिडकीतून पाहत आणि टेलिफोनवरून बोलत. वर जहाजावर ग्लोरिया हॉलिस्टर ते शब्द ऐकून टिपून घेत. पुढे एल्स बोस्टलमन या चित्रकर्तीने बीबींच्या वर्णनांवरून चित्रे रंगविली. ज्या खोलीवर ते मासे दिसले, तेथे त्या स्वतः कधी गेल्या नव्हत्या. डोळ्यांनी पाहिलेले अशा रीतीने वाणी, तार, कान, कागद आणि कुंचला असा प्रवास करीत जगापुढे आले.

शास्त्रज्ञांनी शंका घेतली, यात नवल नाही. मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्ज यांनी १९३५ मध्ये असे सुचविले की, पाच रेषांचा तो मासा म्हणजे कदाचित एखादा चमकणारा जेलीफिशच्या कुळातला जीव असेल आणि खिडकीवर जमलेल्या श्वासाच्या वाफेने त्याचे दिवे अधिक सुंदर दिसले असतील. नमुन्यावाचून नामकरण करणे हे शास्त्राच्या शिस्तीत बसणारे नव्हते, हेही खरेच. १९६० मध्ये ‘त्रिएस्ते’ पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी पोहोचलेल्या झाक पिकार यांनी तेथे एक चपटा मासा पाहिल्याचे सांगितले. तळ जवळजवळ ११,००० मीटर खोल होता. माशाचे आजवरचे सर्वांत खोल चित्रण मात्र २०२२ मधले, ८,३३६ मीटरांवरचे आहे. प्रामाणिक साक्षीदाराचीही चूक होऊ शकते.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन वेगळी प्रमाणे मानली आहेत. बीबींपाशी प्रत्यक्ष होते. इतरांच्या वाट्याला केवळ शब्द आला. तो स्वीकारायचा तर बोलणारा विश्वसनीय हवा. बीबी आयुष्यभर निरीक्षणात मुरलेले होते, आणि जाळ्याला चुकवून जाणारे चपळ जीव खोल समुद्रात असतात, हे त्यांचे म्हणणे तर्काला सोडून नव्हते. तरीही नव्वद वर्षांत ते मासे पुन्हा कोणाला आढळलेले नाहीत.

म्हणून ही नोंद फेटाळून टाकणे आणि तिला सिद्ध सत्य मानणे, ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत. एका माणसाने जिवावर उदार होऊन जे पाहिले, ते त्याने तत्क्षणी सांगितले आणि दुसऱ्या व्यक्तीने ते तत्काळ लिहून ठेवले. साक्ष म्हणून तिचे मोल एवढे आहे आणि मर्यादाही तेवढीच आहे. त्या माशांचा निकाल समुद्रातूनच यायचा आहे. तोवर ती पाने उघडी ठेवणे हेच अभ्यासकाचे काम होय.