जाळ्यातली फुली : एका नावाचा इतिहास

पाऊस ओसरला, की आश्विन-कार्तिकात छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) बागांमध्ये, झुडपांत, अगदी शाळेच्या कुंपणावरही चाकासारखी गोल जाळी शोधता येतात. त्यांपैकी काही जाळ्यांच्या मध्यभागी एक कोळी डोके खाली करून बसलेला असतो. आठ पायांच्या चार जोड्या करून तो त्यांची फुली करतो आणि त्या फुलीच्या रेषेत जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची जाड, नागमोडी नक्षी असते. ही जणू त्याची सहीच! म्हणून त्याला 'सिग्नेचर स्पायडर' म्हणतात. आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव आहे अर्जिओपे अनसुजा. थोरेल या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये तिचे वर्णन केले.

मुले पहिला प्रश्न विचारतात, "सर, ही नक्षी कशासाठी?" प्रश्न सोपा आहे. त्याच्या उत्तराचा इतिहास मात्र शंभर वर्षांहून मोठा आहे.

कोळ्याकडे माणसाने फार पूर्वीपासून लक्ष दिले आहे. मुंडकोपनिषदात कोळ्याचा दृष्टान्त आहे : तो धागा बाहेर काढतो आणि परत आत घेतो. यातला दुसरा भाग केवळ कविकल्पना नाही. गोल जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खरोखरच खाऊन टाकतात. डेव्हिड पीकॉल यांनी १९७१ मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या रेशमाचा माग काढून दाखवले, की खाल्लेल्या जाळ्यातील बहुतेक प्रथिन पुढच्या जाळ्यात पुन्हा वापरले जाते.

पण पाहणे वेगळे आणि प्रयोग करणे वेगळे. १८८० मध्ये इंग्लंडमधील सी. व्ही. बॉईज यांनी बागेतल्या कोळ्याच्या जाळ्याला कंप पावणारा नादकाटा टेकवला. कोळी ताबडतोब त्या दिशेला वळला. कोणत्या धाग्यातून कंप येतो आहे हे पुढच्या पायांनी चाचपून तो नादकाट्यापर्यंत धावत गेला. फ्रान्समध्ये झाँ आंरी फाब्र या शिक्षकाने मेलेला टोळ जाळ्यावर ठेवून पाहिला. तो जवळ असूनही कोळी हलला नाही. काडीने टोळ हलवताच मात्र तो झेपावला. जाळ्यावर बसणाऱ्या या कोळ्यांना भक्ष्याची खबर डोळ्यांपेक्षा पायांतून मिळते, हे अशा साध्या साधनांनी कळले.

आता फुलीकडे वळू. १८९५ मध्ये फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजेन सिमाँ यांनी या नक्षीला 'स्टॅबिलिमेंटम' असे नाव दिले. अर्थ उघड आहे : जाळ्याला स्थैर्य देणारी. म्हणजे नाव देतानाच उत्तरही देऊन टाकले! पण नक्षी नीट पाहिली तर शंका येते. ती जाळे विणून झाल्यावर वरून, सैलशी घातलेली असते. शिवाय जे कोळी दिवसा उघड्यावर, जाळ्याच्या मध्यभागी बसतात, त्यांच्यातच ती प्रामुख्याने आढळते. भक्कमपणासाठीच असती, तर ती रात्री जाळे विणून दिवसा पानाआड लपणाऱ्या कोळ्यांनाही उपयोगी पडली असती.

म्हणून नवी उत्तरे पुढे आली. १९८३ मध्ये आयस्नर आणि नोविकी यांनी साध्या जाळ्यांवर कृत्रिम पांढऱ्या खुणा लावल्या. पहाटे पक्षी उडू लागल्यावर खुणांची जाळी बरीचशी शाबूत राहिली, बिनखुणांची मात्र फाटली. म्हणजे नक्षी ही पक्ष्यांना दिलेली सूचना असावी. १९९० मध्ये क्रेग आणि बर्नार्ड यांनी दाखवले, की ही नक्षी अतिनील प्रकाश परावर्तित करते आणि कीटक तिच्याकडे ओढले जातात. तर १९९९ मध्ये ब्लॅकलेज आणि वेन्झेल यांना नेमके उलटे आढळले : नक्षीच्या जाळ्यात भक्ष्य सुमारे तीस टक्क्यांनी कमी सापडले, नक्षी संरक्षणासाठी असावी, असे त्यांचे मत पडले. वाद आजही मिटलेला नाही. कदाचित सर्व जातींना एकच उत्तर लागूही पडणार नाही. सिमाँचे नाव मात्र टिकून आहे. एखाद्या गोष्टीला नाव मिळाले म्हणजे ती समजली असे नव्हे, हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

या अभ्यासात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. १९४८ मध्ये जर्मनीतील पीटर विट यांनी कोळ्यांना निरनिराळी औषधे दिली आणि जाळ्यांचे आकार बदललेले पाहिले. पुढे जाळ्यांची छायाचित्रे घेऊन कोन व धाग्यांमधील अंतरे मोजण्याची पद्धतच रूढ झाली. १९७३ मध्ये ज्युडिथ माइल्स या अमेरिकन शाळकरी मुलीच्या सूचनेवरून 'स्कायलॅब'मध्ये दोन कोळी पाठवण्यात आले. त्यांतल्या 'अ‍ॅराबेला'ने आधी वेडेवाकडे आणि काही दिवसांत बरेचसे नीट जाळे विणले. आपल्या देशातील कोळ्यांची ओळख पटवण्यासाठी बी. के. टिकादर यांचा १९८७ चा भारतीय कोळ्यांवरील ग्रंथ उपयोगी पडतो. महाराष्ट्रातील कोळ्यांवर त्यांनी १९६० च्या दशकातच लेखन केले होते.

तुमच्या वर्गाला हे काम करता येईल. सकाळी ऊन तिरपे असताना जाळ्यामागे थोड्या अंतरावर काळा पुठ्ठा धरा. प्रकाश बाजूने आला की धागे उठून दिसतात. जाळ्याशेजारी, त्याच प्रतलात, मोजपट्टी धरून मोबाइलने छायाचित्र घ्या. रोज त्याच जाळ्याची नोंद करा : फुलीचे हात चार, तीन, दोन, एक, की एकही नाही? जाळे फाटले का? भक्ष्य किती? महिनाभरानंतर फुली असलेली आणि नसलेली जाळी वेगवेगळी मांडून पाहा. कोळ्याला हात लावू नका आणि जाळे मोडू नका. 'कशासाठी?' या प्रश्नाला मात्र लगेच उत्तर देऊ नका. आधी मुलांची वही भरू द्या.